अलाइनमेंट करूनही गाडी परत परत डावीकडे ओढते, टायर आतून खाते: माझ्या गाडीत काय निघालं

दीड वर्षात चार वेळा अलाइनमेंट केलं. मध्ये एकदा टाय रॉड एंड (स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) बदलला, एकदा लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश बदलला, पुढचे दोन टायर बाद झाले. दर वेळी गाडी काही दिवस किंवा काही महिने सरळ जायची आणि मग परत डावीकडे ओढायला लागायची. शेवटी कारण सापडलं. ज्यांची गाडी अशीच एका तक्रारीवर फिरून फिरून गॅरेजला जाते त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितोय. मला हे पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं तर पैसे वाचलेच असते, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बायको रोज बोरणे घाटातून त्या टायरवर गाडी नेत होती, ते टळलं असतं.

गाडी 2016 ची पेट्रोल हॅचबॅक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा बीम), इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची हीच रचना असते, त्यामुळे पुढचं बरंचसं तुमच्या गाडीलाही लागू पडेल. आम्ही राहतो साताऱ्यात, शाहूपुरीत. बायको ठोसेघरच्या बाजूला नोकरीला जाते, म्हणजे आठवड्यातले सहा दिवस घाट. रविवारी मी हायवेने कराडला आईकडे जातो.

त्रास डाव्याच बाजूला का, याचं उत्तर आपल्या रस्त्यांत आहे. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली की डावं चाक साइडपट्टीवर उतरवावं लागतं. पावसाळ्यात मुरूम वाहून जातो आणि डांबराची कड चार बोटं उंच राहते. चाक खाली उतरताना एक दणका, परत वर चढताना दुसरा. ऊसाचा हंगाम सुरू झाला की कोरेगाव, रहिमतपूरकडे दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, त्यांना वाट द्यायची तर दर किलोमीटरला हेच. उजवं चाक रस्त्याच्या मधल्या चांगल्या डांबरावरून जातं, डावं सगळं सोसतं. त्यामुळे डाव्या बाजूचे बुश आणि जॉइंट आधी जावेत यात नवल नाही.

पहिलं लक्षण टायरने दाखवलं, पण मी ते उशिरा पाहिलं. बाहेरून टायर चांगला दिसत होता, नक्षी भरपूर. एकदा पार्किंगमध्ये स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळलेलं राहिलं होतं आणि मी गाडीच्या पुढून चालत गेलो, तेव्हा डाव्या टायरची आतली कड दिसली. दोन बोटं रुंद पट्टा तळहातासारखा गुळगुळीत, आणि एका ठिकाणी रबरातून बारीक तारा बाहेर आलेल्या. त्याच टायरच्या बाहेरच्या कडेला सहा मिलिमीटर खोल नक्षी होती. म्हणून पहिली विनंती हीच: महिन्यातून एकदा स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायरच्या आतल्या कडा बघा. हवा भरणारा बघत नाही, धुणारा बघत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं.

ओढणं वेगळं, स्टेअरिंग वाकडं वेगळं

गॅरेजमध्ये आपण एवढंच सांगतो, "गाडी ओढतीय." त्यात तीन-चार वेगळ्या तक्रारी मिसळलेल्या असतात आणि प्रत्येकीचं कारण निराळं असतं.

सपाट सरळ रस्त्यावर स्टेअरिंगवरची पकड सैल केली आणि गाडी एका बाजूला सरकायला लागली, तर ते ओढणं. गाडी सरळ जाते पण स्टेअरिंगचा आडवा दांडा तिरका दिसतो, तर ते स्टेअरिंग वाकडं असणं. त्याचं कारण बहुतेक वेळा टाय रॉड दोन्ही बाजूंना समान न फिरवणं किंवा मागचा बीम थोडा तिरका बसलेला असणं. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर ब्रेक किंवा लोअर आर्मचा बुश. आणि 80-90 च्या पुढे स्टेअरिंग थरथरत असेल तर त्याचा अलाइनमेंटशी संबंधच नाही. ते व्हील बॅलन्सिंग, वाकलेली रिम किंवा टायरला आलेला फुगा यांचं काम. बॅलन्सिंगच्या दुखण्यावर अलाइनमेंट करून घेणारे लोक मी एकाच सकाळी दोन पाहिले.

माझ्या गाडीत पहिलं, दुसरं आणि ब्रेकचं अशी तिन्ही लक्षणं होती. मी सांगितलं मात्र फक्त पहिलं. म्हणून प्रत्येक वेळी फक्त टो सेट होऊन गाडी परत मिळाली. टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकाची पुढची बाजू आत किंवा बाहेर किती वळलीय ते; आत असेल तर अधिक, बाहेर असेल तर उणे.

तपासायची जागा नीट निवडा. आपण डावीकडून गाडी चालवतो आणि पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो. त्यामुळे अगदी निरोगी गाडीसुद्धा हळूहळू डावीकडे सरकते. हायवेच्या एकदम डाव्या लेनमध्ये तपासलंत तर नसलेला दोष दिसेल. मी एमआयडीसीतल्या एका सरळ सपाट रस्त्यावर सकाळी लवकर, मागेपुढे कुणी नसताना, 40-50 च्या वेगात तपासायचो. हात स्टेअरिंगपासून लांब नेऊ नका, फक्त पकड सैल करा. त्याच रस्त्यावरून उलट दिशेनेही या. दोन्ही वेळा सारख्याच जोराने डावीकडे गेली तर दोष गाडीत आहे.

आधी टायर आणि ब्रेक बाजूला काढा

हे घरी होतं आणि फुकट होतं, म्हणून आधी करा. सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना चारही टायरची हवा मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. पुढच्या दोन टायरमध्ये तीन-चार पॉइंटचा फरक असला तरी गाडी कमी हवेच्या बाजूला ओढते. डाव्या चाकात हळू पंक्चर असेल तर हवा भरल्यावर चार दिवस बरं वाटतं आणि परत तेच. या एका कारणावर कितीतरी अलाइनमेंट वाया जात असतील.

मग पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करून बघा. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरच्या आतल्या पट्ट्यांत आहे, तो कुठल्याच मशीनवर दिसत नाही. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र असं थेट अदलाबदल करू नका.

ब्रेकसाठी: हायवेवर दहा-पंधरा किलोमीटर जाऊन शक्यतो ब्रेक न वापरता गाडी हळूहळू थांबवा. उतरून प्रत्येक रिमजवळ तळहात न्या, हात लावू नका. एकच चाक जास्त तापलेलं असेल तर त्याचा कॅलिपर किंवा त्याच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत. पावसाळ्यानंतर गंजाने हे होतं. माझ्या गाडीत दोन्ही चाकं सारखीच कोमट होती, टायर बदलूनही ओढ डावीकडेच राहिली. म्हणजे दुखणं खाली, सस्पेन्शनमध्ये होतं.

ढिलेपणा शोधायची पद्धत

चाक उचलून बघायचं असेल तर आधी सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, आणि गाडी जॅकवर नाही तर स्टँडवर. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. जॅक कधी सरकेल ते सांगता येत नाही.

चाक घड्याळ समजा. 3 आणि 9 वर हात ठेवून चाक आडवं हलवा. खट्ट असा प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर टाय रॉड एंड किंवा स्टेअरिंग रॅकच्या आतला जॉइंट. 12 आणि 6 वर धरून वरची बाजू आत ढकला, खालची बाहेर ओढा, मग उलट करा. इथे प्ले असेल तर बॉल जॉइंट (लोअर आर्म चाकाला जोडणारा सांधा) किंवा व्हील बेअरिंग. दोन्हींतलं कोणतं ते ओळखायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा: ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. बॉल जॉइंटमध्ये प्ले निघाला तर त्या दिवसापासून गाडी चालवू नका. तो निसटला की चाक आडवं पडतं आणि गाडी जागेवर बसते, आणि घाटात हे झालं तर सावरायला जागा नसते.

टाय रॉडचा प्ले चाक लटकलेलं असताना कधीकधी लपतो. म्हणून गाडी चारही चाकांवर उभी असताना इंजिन चालू ठेवून एकाने स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं करायचं आणि दुसऱ्याने टाय रॉड एंडवर बोट ठेवायचं. रॉड हलतो पण चाक तेवढं हलत नाही, असा उशीर बोटाला लगेच कळतो. माझा टाय रॉड एंड असाच सापडला होता. त्याचा रबर बूट फाटून आत चिखल गेला होता. तो बदलला तेव्हा वाटलं, संपलं. दोन महिने बरे गेले.

पण ब्रेक मारला की डावीकडे एक झटका, आणि रिव्हर्समधून पहिल्यात घेऊन निघताना खालून एक जाड "ठक". या दोन गोष्टी एकत्र असतील तर लोअर आर्मच्या बुशकडे जा. लिंक रॉडचा आवाज वेगळा असतो: छोट्या खड्ड्यांवर, दगडी फरशीवर, बारीक टकटक. शॉकअप गेला असेल तर स्ट्रटवर तेल ओघळलेलं दिसतं आणि टायर ठरावीक अंतरावर खोलगट झिजतो. बुशचा आवाज जाड असतो आणि वेग बदलताना येतो, रस्त्यामुळे येत नाही.

बुश फाटलाय का ते नुसतं खालून पाहून कळेलच असं नाही. टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म पुढे-मागे दाबायचा. रबर थोडं दबणारच. पण आर्म सरकून धातूला धातू लागत असेल किंवा रबर आणि आतल्या नळीच्या मध्ये फट उघडत असेल तर तो गेला. फाटक्या बुशमुळे डावं चाक थोडं मागे सरकतं, त्या बाजूचा कॅस्टर (स्टेअरिंगचा आस मागे किती झुकलाय ते) कमी होतो, आणि गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. म्हणजे डावीकडे. माझ्या गाडीतला बुश असाच निघाला. नवा बुश प्रेसवर बसवला, तिसरं अलाइनमेंट केलं. आठ महिने चांगले गेले आणि नंतर परत तेच सगळं: ओढ, ठक, आतली कड.

आठ महिन्यांत नवा बुश का फाटला

आता मूळ गोष्ट. या वेळी मी कोरेगाव रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांच्याकडे अलाइनमेंटचं मशीन नाही, फक्त पिट (गाडीखाली उतरायचा खड्डा) आणि हत्यारं. त्यांनी आधीचे अलाइनमेंटचे तिन्ही कागद मागितले, शेजारी शेजारी बोनेटवर ठेवले आणि म्हणाले, "सर, मशीन खोटं बोलत नाय. पण मशीन उभ्या गाडीचं सांगतंय. ब्रेक मारल्यावर तुमचं चाक कुठं जातंय ते त्याला कसं कळणार?"

त्यांच्या सांगण्यावरून मी चौथ्या अलाइनमेंटला एक वेगळी गोष्ट केली. दुकानदाराला आधीच विनंती केली होती की दोनदा मोजायचं, दुसऱ्या वेळचेही पैसे देतो. पहिल्यांदा सेट केल्यावर कागद काढला: डावा टो अधिक 3 मिनिटं, उजवा अधिक 4. स्क्रीन पूर्ण हिरवी. मग गाडी खाली घेतली, बाहेरच्या मोकळ्या जागेत चार वेळा जोरात ब्रेक मारला, दोनदा रिव्हर्स घेतली, आणि परत रॅम्पवर चढवली. कुणी पाना लावलेला नव्हता. तरी डावा टो उणे 24 मिनिटं आला. उजवा जिथल्या तिथे, अधिक 4.

हा आकडा थोडा समजून घ्या. 60 मिनिटं म्हणजे एक अंश. 14 इंची रिमवर 10 मिनिटं म्हणजे साधारण एक मिलिमीटर. धावताना पुढची दोन्ही चाकं टोचा फरक आपापसात वाटून घेतात. माझा एकूण टो उणे 20 झाला होता, म्हणजे प्रत्येक चाकाला उणे 10. हिशेब केला तर प्रत्येक चाक किलोमीटरमागे जवळपास तीन मीटर आडवं घासलं जात होतं. ठोसेघरला जाऊन आलं की टायर किती आडवा ओढला गेला असेल ते तुम्हीच काढा. उजव्या चाकाखाली सगळं घट्ट असूनही तो टायर आतून का झिजत होता, हेही तेव्हाच उलगडलं.

तुमच्याही गाडीचं अलाइनमेंट टिकत नसेल तर ही एक चाचणी जरूर करा. सेट केल्यावर ब्रेक मारून परत मोजा. आकडे हलले तर काहीतरी सैल आहे आणि ते सापडेपर्यंत पुढचं प्रत्येक अलाइनमेंट वाया जाणार.

मिस्त्रींनी डावा आर्म खोलून माझ्या हातात दिला. बुशचं रबर एका बाजूला पिळवटलेलं होतं, ओलं फडकं पिळल्यावर जशा वळकट्या पडतात तशा, आणि त्या वळकट्यांच्या रेषेतच फाटलेलं. "ह्यो बुश चाक लटकून असताना आवळलाय," ते म्हणाले.

याचा अर्थ असा. बुशमध्ये बाहेर लोखंडी कडं, आत लोखंडी नळी आणि मध्ये दोघांना चिकटलेलं रबर असतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट धरली जाते, ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तो रबर पिळलं जाऊन. गाडी उचललेली, चाक खाली लटकलेलं असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची विश्रांतीची जागा ती लटकलेली जागा ठरते. गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं. उभ्या गाडीतसुद्धा. मग खड्ड्यात, साइडपट्टीवर आणखी पिळलं जातं आणि काही महिन्यांत फाटतं.

बरोबर पद्धत म्हणजे बोल्ट नुसता बसवायचा, अर्धवट आवळायचा, गाडी चाकांवर उतरवायची, पुढून दोन-तीन वेळा दाबून सोडायची, आणि गाडीचं वजन चाकांवर असताना टॉर्क रेंचने शेवटचं आवळायचं. पिट नसेल तर आर्मखाली जॅक लावून तो नेहमीच्या उंचीला आणूनही जमतं. टॉर्कचा आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, अंदाजाने नको. काही गाड्यांत मागचा बुश उभा बसवलेला असतो, त्याला पिळण्याचा हा नियम तसाच लागत नाही, पण पुढच्या आडव्या बुशला लागतोच. शिवाय ज्या बुशच्या रबरात पोकळ्या असतात तो कुठल्या दिशेने बसवायचा ते ठरलेलं असतं. उलटा प्रेस केला तर तोही टिकत नाही.

आम्ही या वेळी नुसता बुश न बदलता दोन्ही बाजूंचे पूर्ण लोअर आर्म बदलले. माझ्या गाडीत बॉल जॉइंट आर्मलाच रिव्हेट केलेला आहे आणि गाडी 90 हजार किलोमीटर चालली होती, तेव्हा बुश नवा आणि जॉइंट जुना ठेवण्यात अर्थ नव्हता. खर्च जास्त झाला. पण दोन टायरच्या किमतीपेक्षा कमीच.

मिस्त्रींनी आणखी एक सांगितलं आणि ते मला पटलं. गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे, पावसाळ्याआधी तर हमखास. पत्र्याला गंज लागू नये म्हणून करतात. पण डिझेल-ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि बुशचं आयुष्य कमी होतं. मी स्वतः तीन वर्षं हे करून घेत होतो. आता बंद केलंय.

मग अलाइनमेंट, आणि तेही डोळ्यांसमोर

सगळं घट्ट झाल्यावरच रॅम्पवर जा. जाण्याआधी हवा सारखी करा आणि डिकीतलं जड सामान काढा. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही कागद मागा. बरेच जण फक्त नंतरचा देतात, पण खरी माहिती आधीच्या कागदात असते.

कागदावर तीन गोष्टी बघायच्या. टो आणि कॅस्टर तुम्हाला कळले. कॅम्बर म्हणजे चाक वरून आत किंवा बाहेर किती कललंय. आपल्या छोट्या गाड्यांत बहुतेक वेळा फक्त पुढचा टो सेट करता येतो. कॅम्बर-कॅस्टर कंपनीतून ठरलेले असतात, त्यामुळे ते लाल दिसले तर सेट करण्याचा प्रश्नच नसतो, काहीतरी वाकलंय, झिजलंय किंवा सरकलंय. कॅम्बर डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त वेगळा असेल तर कारण शोधायला लावा. एक कारण हमखास विसरलं जातं: क्लचचं काम करताना बऱ्याच गाड्यांत के-फ्रेम (लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती इंजिनाखालची फ्रेम) खाली उतरवतात, आणि परत बसवताना ती थोडी एका बाजूला सरकून बसली तर एका बाजूचा कॅम्बर वाढतो, दुसऱ्या बाजूचा कमी होतो. क्लच बदलल्यापासून गाडी ओढायला लागली असेल तर तिथूनच सुरुवात करा. कॅस्टर मोजायला चाकं फिरत्या प्लेटवर दोन्ही बाजूंना वळवावी लागतात. घाईत ही पायरी गाळतात. ओढण्याची तक्रार असेल तर गाळू देऊ नका.

मागच्या टॉर्शन बीमचा टो सहसा सेट होत नाही. तो लाल असेल तर बीम किंवा हब वाकलाय का ते पाहावं लागतं.

स्टेअरिंग सरळ करण्यासाठी कुणी स्टेअरिंगचं चाक काढून दात सरकवून बसवायला निघालं तर थांबवा. त्याच्यामागे एअरबॅगची गुंडाळलेली वायर असते, कित्येक गाड्यांत स्टेअरिंगचा कोन मोजणारा सेन्सरही असतो. बरोबर काम म्हणजे स्टेअरिंग मध्यावर लॉक करून दोन्ही टाय रॉड फिरवणं.

टाय रॉड फिरवताना रॅकच्या रबर बूटची क्लिप सैल करायला हवी, नाहीतर बूट पिळला जातो आणि फाटतो. शेवटी चेक नट (टाय रॉड फिरू नये म्हणून धरून ठेवणारा नट) घट्ट झालाच पाहिजे. तो सैल राहिला तर टो काही आठवड्यांत हळूहळू सरकतो आणि तक्रार परत येते. म्हणून मी एक साधी गोष्ट करायला सांगतो: चेक नट आवळल्यावर नट आणि रॉड दोन्हींवरून पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ. नट हलला तर रेघ तुटलेली दिसते. आर्मच्या बोल्टवरही तशीच.

सवयीत दोनच बदल केलेत. खड्डा चुकवता येत नसेल तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारायचा आणि चाक खड्ड्यात जाताना सोडायचा, कारण ब्रेक दाबलेला असताना पुढचं सस्पेन्शन आधीच दबलेलं असतं आणि दणका थेट बुश आणि जॉइंटवर जातो. दुसरं, साइडपट्टीवर उतरायची वेळ आली तर वेग अगदी कमी करून उतरायचं, आणि परत चढताना कडेला घासत न चढता थोडा कोन करून चढायचं. बायकोने हे माझ्याआधी अंगवळणी पाडलं. समोरून एसटी दिसली की ती रुंद जागा बघून आधीच थांबते.

दोन्ही आर्म बदलून आता 11 हजार किलोमीटर झाले, मधला एक पूर्ण पावसाळा धरून. मागच्या रविवारी कराडला जाण्याआधी डाव्या टायरची नक्षी तीन ठिकाणी मोजली: आत 6.3, मध्ये 6.4, बाहेर 6.3 मिलिमीटर. नंतर पिटवर नेऊन टॉर्च मारली. चेक नटवरची आणि आर्मच्या बोल्टवरची रेघ चिखलाखाली होती. फडक्याने पुसली, चारही रेघा अखंड होत्या.